मानेचं माप

“टोकदार नको लिहू. धारदार लिही. नुसत्या टोकाला कोर्टात वजन न्हाई.”

ठाण्याची कागदपत्रं तयार करणारे रायटर हवालदार टाइप करणाऱ्या शिपायाला सांगत होते. मी दोन टेबलं पलीकडे स्टेशन डायरी वाचत बसले होते आणि मी ऐकत असेन असं कुणाच्या मनातही आलं नसावं. मॅडम ऐकत नाहीत आणि बोलत तर मुळीच नाहीत, असं माझ्याबद्दल त्या ठाण्यात सगळ्यांचं मत होतं. त्यातलं बोलण्याचं खरं होतं. त्या दिवसातलं बाकी बरंच पुसट झालं आहे, पण हे वाक्य अजून त्याच आवाजात ऐकू येतं.

अशा आठवणी बहुधा निवृत्त अधिकारी लिहितात. मी तिशीच्या आतच खात्यातून बाहेर पडले. कारण वेगळं होतं आणि ते माझ्यापाशीच राहू दे. शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या शिवेवरचं ते ठाणं म्हणजे उपनिरीक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक. ठाण्याचं किंवा माणसांचं नाव मी लिहिणार नाही.

त्या महिन्यात जिल्ह्यात शस्त्रबंदीचा आदेश लागू होता. असा आदेश निघाला की तलवार, भाला, सुरा, सोटा घेऊन फिरता येत नाही. यादीच्या शेवटी एक वाक्य असतं: शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू. त्या वाक्यात माझ्या टेबलावरचा पेपरवेटही बसतो. कुणाच्या हातातली वस्तू त्यात बसवायची हे मात्र ठाण्यात ठरतं. शहरात कोयते नाचवणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या रोज येत होत्या, त्यामुळे वरून रोज विचारणा व्हायची, तुमच्याकडे काय कारवाई? सकाळच्या हजेरीला साहेब, म्हणजे आमचे निरीक्षक, तोच प्रश्न आमच्यावर ढकलत.

त्या दिवशी साडेआठला फोनवर खबर आली. ठाणे अंमलदारानं नोंद घेतली. मांडवगण फराट्याच्या अलीकडे एका वस्तीवर एक मुलगी भाले तयार करून विकते, आणि काल उसाच्या रानात तिनं एका तरुणावर भाला रोखला. खबर देणारे त्या भागातले मोठे बागायतदार. सगळे त्यांना आप्पा म्हणत. ज्याच्यावर भाला रोखला तो त्यांचा पुतण्या.

दहाच्या आत पथक गेलं. महिला शिपाई बरोबर होती, मी नव्हते. साडेअकराला जीप परत आली. बावीस वर्षांची मुलगी, अकरा काठ्या, एक पोतं, एक वेल्डिंग मशीन, एक ग्राइंडर. काठ्या बांबूच्या, प्रत्येकीच्या टोकाला लोखंडी टोपण आणि त्यावर वीतभर अणकुचीदार सळई. पोत्यात खिळ्यांचे पट्टे. सगळ्यांवर निळा ऑइलपेंट. आवारात टेबल मांडून काठ्या पंख्यासारख्या रचल्या गेल्या, मागे सगळे उभे राहिले, फोटो निघाला. मलाही उभं केलं. फोटोत मी कडेला आहे, अर्धी.

प्रेसनोटचा मथळा आधीच तयार होता: अवैध शस्त्रनिर्मितीचा कारखाना उद्ध्वस्त. खाली ‘विशिष्ट निळ्या रंगात रंगवलेली घातक शस्त्रे’ असंही होतं. वस्ती बौद्ध समाजाची. वाचणाऱ्यानं काय समजायचं ते समजावं, अशी ती ओळ होती.

साहेबांनी मला बोलावलं. “महिला आरोपी आहे, तपास तुमच्याकडे. पेपर हवालदार करतील. उद्या अकराला कोर्टात हजर करायचं, चार दिवसांची कोठडी मागायची. तुम्ही फक्त सही करा.”

“हो सर,” मी म्हणाले. त्या ठाण्यातल्या सात महिन्यांत मी हेच सर्वांत जास्त वेळा म्हटलं असेल.

शस्त्र बनवण्याचं कलम साधं नाही. त्यात लगेच जामीन मिळत नाही, आणि शिक्षा वर्षांत मोजतात. मुलगी महिला कक्षातल्या बाकावर ताठ बसली होती. मनगटांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक काळे डाग. पाबळला जाऊन ती हे काम शिकली होती. गेटं, खिडक्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची दुरुस्ती करायची. मी पोत्यातला एक पट्टा तिच्यासमोर ठेवला.

“हे काय आहे?”

“पट्टा.”

“कशासाठी?”

“मानंसाठी.”

एवढं बोलून ती गप्प बसली. मीही. चौकशी म्हणजे टेबलावर हात आपटणं असं ठाण्यात समजतात. मला ते जमत नाही. पण गप्प बसणाऱ्या माणसासमोर गप्प बसायचं मला लहानपणापासून माहीत आहे. मी पट्टा उलटा करून पाहिला. कंपनीतून भंगारात निघालेल्या कन्व्हेअरच्या रबराचा तुकडा. मागच्या बाजूनं आठ खिळे बाहेर काढलेले, टोकं ग्राइंडरनं घासलेली. आतल्या बाजूला जुन्या साडीचा मऊ तुकडा शिवलेला. समोर बकल, बकलाच्या कडीवर वेल्डिंगचे दोन ठिपके, शेजारी शेजारी.

“दोन ठिपके का?” मी विचारलं.

पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. “एकानं कडी निसटते. दुसरा माझ्या समाधानासाठी.”

मग ती बोलली. “मॅडम, हत्यार इकणारा गिऱ्हाइकाच्या मानंचं माप घेतो व्हय? मी एकेका बाईच्या मानंचं माप सुतळीनं घेतलंय. पट्टा घट्ट झाला तर वाकता येत न्हाई. सैल झाला तर खिळं गालाला लागत्यात. यवतवरनं खिळं आणलं, रंग विहाराच्या गेटाचा उरला हुता. हे सगळं पथकातल्या साहेबांला सांगितलं. ते म्हणले, कोर्टात सांग.”

“काल काय झालं?”

“बाया काठ्या घेऊन उसात निघाल्या हुत्या. आप्पांचा पुतण्या म्हणला, काठ्या बांधावर ठेवा, फोटुत वाईट दिसतंय, कुणीतरी व्हिडिओ काढंल, मजूर यायचं बंद हुत्याल. मावशीच्या हातातली काठी त्यानं वढली. मावशी पडली. मी माझी काठी त्याच्याकडं केली. म्हणलं, सोड. त्यानं सोडली.”

“आणि मग?”

“मंग काय? मावशी उठली, आमी उसात गेलो. काम हुतं ना.”

ती मावशी दुपारभर ठाण्याच्या फाटकाजवळ डबा घेऊन उभी होती. मी बाहेर गेले तेव्हा तिनं पदर बाजूला केला. मानेवर मागून पुढपर्यंत टाक्यांचा व्रण. आवाज घोगरा, फुटलेला. मागल्या हंगामात गवत कापताना बिबट्यानं धरलं होतं, बायांनी आरडाओरडा केला म्हणून वाचली.

“त्ये उभ्या माणसाला भितंय,” ती म्हणाली. “वाकलं की मानंवर येतंय. आमचं काम तर समदं वाकूनच हाय, बाई. ती काठी माझी हाय. माझ्या नावावर लिवा आन् तिला सोडा. मला कोठडीत टाका. तिथं तरी बिबट्या येत न्हाई.”

फाटकावरचा शिपाई हसला. मावशीही हसली. मला हसू आलं नाही.

“उद्याचं काय?” मी विचारलं. “उद्या बाया जाणार?”

“न जाऊन सांगतोय कुणाला? टावेल गुंडाळत्याल मानंला.”

परत येऊन मी पंचनामा वाचायला घेतला. पंचनामा जागेवर, पंचांसमोर लिहायचा असतो. हा ठाण्यात बसून, जुनी फाइल उघडून, नावं बदलून झाला होता. पंच नेहमीचे. नाक्यावरचा पानवाला आणि त्याचा मेहुणा. ठाण्याच्या निम्म्या गुन्ह्यांत तेच दोघं ‘योगायोगाने तेथून जात’ असतात. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. घरी मराठीच बोलायचो, पण कागदावरचं मराठी मी सावकाश, ओठ हलवत वाचते. हवालदार म्हणायचे, “आमच्या मॅडम पेपर वाचत न्हाईत, चावून खात्यात.” सगळे हसायचे. त्या दिवशी मी चावूनच वाचलं, म्हणून ते दिसलं.

पोत्यातले पट्टेही हत्यारांच्याच यादीत होते. आणि काठीच्या वर्णनात लिहिलं होतं: ‘दोन्ही बाजूंनी धार असलेले, पितळी मूठ असलेले लोखंडी हत्यार’.

बांबूच्या काठीला पितळी मूठ कुठून आली, हे मला लगेच कळलं. ती मूठ मी हातात धरली होती.

माझ्या नेमणुकीच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. आप्पांच्या त्याच पुतण्यानं वाढदिवसाला तलवारीनं केक कापला होता. व्हिडिओ सगळीकडे फिरला तेव्हा कुठे ठाण्यानं तलवार जप्त केली. टेप लावून मोजमाप मी घेतलं. पातं सत्तावीस इंच. नऊ इंचांवरच्या पात्याला परवाना लागतो, हे शिपायालाही पाठ असतं. तलवार कापडात गुंडाळताना माझा अंगठा कापला. रक्त मुद्देमालाच्या लेबलावर पडलं म्हणून लेबल बदललं. संध्याकाळी आप्पा साहेबांकडे चहाला आले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर अहवाल आला. ‘सदर तलवार बोथट असून शोभेची वस्तू आहे.’ अंगठ्याला पट्टी बांधून मी त्याखाली सही केली. तलवार परत गेली.

आता त्याच गुन्ह्याचा मूळ पंचनामा या मुलीच्या काठीवर चढवला होता. तलवारीची धार तलवारीच्या फाइलीतून पुसली गेली आणि बांबूच्या काठीला लागली. मी खूप चिडले. चिडले की माझे कान गरम होतात आणि आवाज आणखी खाली जातो. समोरच्याला वाटतं, बाईला काही फरकच पडलेला नाही.

पण नुसत्या पितळी मुठीवर काही होणार नव्हतं. हवालदार म्हणाले असते, टायपिंगची चूक, दुरुस्त करतो. आणि ते ‘धारदार’ तसंच ठेवून फक्त मूठ काढली असती. मी फाइल बंद केली आणि साक्षीदाराचा जबाब घ्यायचा म्हणून पाचच्या सुमाराला आप्पांकडे गेले.

आप्पांचं घर उसाच्या मधोमध, रस्त्यापासून आत. नवीन बांधकाम, पुढे फरशीचं मोठं अंगण. दिवाणखान्याच्या भिंतीवर ती तलवार होती, पितळी मुठीची, दोन बाजूंना मोराची पिसं. पुतण्या पुण्याला गेला होता. आप्पांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला. बोलायला माणूस आदबशीर.

“तुमच्यासारख्या शिकलेल्या मुली खात्यात आल्या, बरं वाटतं बघा. ह्या वस्तीवरच्या बायांला जरा समजावून सांगा. ह्यांच्या गळ्यात खिळं बघून लोकांस्नी वाटतंय, हितं रोज बिबटे फिरतात. मागल्या आठवड्यात तोडणीचं एक टोळकं अर्ध्यातनं परत गेलं. गावाची बदनामी हुतीया.”

“बिबटे नाहीत का इथे?” मी विचारलं.

“हायेत की! पर ते गाजवायचं कशाला?”

तेवढ्यात घरामागून दोन मोठी कुत्री आली. आप्पांनी नाव घेतल्यावर दोघं त्यांच्या पायाशी बसली. दोघांच्या गळ्यात पट्टे. काळं जाड रबर, बाहेर काढलेले आठ आठ खिळे, निळा ऑइलपेंट. मी पेन खाली ठेवलं. एका कुत्र्याच्या जवळ बसले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बकल बघितलं. कडीवर वेल्डिंगचे दोन ठिपके, शेजारी शेजारी.

“पट्टे छान आहेत,” मी म्हणाले. आवाज नेहमीसारखाच निघाला.

“मंग!” आप्पांना बरं वाटलं. “मॅडम, बिबट्या आधी मानंवरच झेप घेतो. मागल्या साली आमचं एक चांगल्या जातीचं कुत्रं नेलं. तवा हे करून घेतलं. आता रात्री मोकळी सोडतो, बिनघोर.”

“कुणाकडून घेतले?”

“हीच की, वस्तीवरची पोरगी. घरी येऊन दोघांच्या मानंचं माप घेऊन गेली. हात चांगला हाय तिचा. डोकं फिरेल हाय, पर हात चांगला हाय.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. कुठे चलबिचल दिसेल, जीभ चावतील, असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ते लपवत नव्हते. कुत्र्याच्या आणि मावशीच्या गळ्यातली वस्तू एकच आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. खोटं बोलणारा माणूस मला चालतो, त्याला खरं काय ते निदान माहीत असतं. यांना तेही माहीत नव्हतं. मी पेन पुन्हा उचललं.

पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, पण तो वाचून दाखवायचा असतो. मी शब्द न् शब्द लिहून घेतला आणि माझ्या सावकाश मराठीत वाचून दाखवला. “...बिबट्या प्रथम मानेवर झेप घेतो. त्यापासून रक्षण व्हावे म्हणून मी माझ्या दोन कुत्र्यांसाठी सदर मुलीकडून खिळ्यांचे पट्टे बनवून घेतले. तिने घरी येऊन मानेचे माप घेतले...”

“बरोबर,” आप्पा मान हलवत म्हणाले. “फोटु काढायचा तर काढा कुत्र्यांचा. फोटुत लई भारी दिसत्यात.”

मी फोटो काढला. मागे भिंतीवरची तलवारही त्यात आली.

इतक्या वर्षांनी या प्रकरणातून काय शिकले, असं कुणी विचारलं तर सांगायला सोपं काही नाही. कायद्याचं पुस्तक मला परीक्षेपुरतं पाठ होतं. त्यात स्पष्ट आहे की केवळ शेतीसाठी किंवा घरासाठी बनवलेली वस्तू हत्यार होत नाही, आणि स्वतःचा जीव वाचवायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण हक्क बजावायला हातात काहीतरी असावं लागतं, आणि काही माणसांच्या हातात काहीही दिसलं की तोच गुन्हा ठरतो. हे पुस्तकात नाही, ते मुद्देमालाच्या खोलीत कळतं. वस्तूला नाव कारकून देतो, आणि देताना तो वस्तूकडे बघत नाही, धरणाऱ्याकडे बघतो. माझ्यासारखी माणसं खाली सही करतात. ‘मी फक्त सही केली’ ही सबब मी आरोपींच्या तोंडून पुष्कळदा ऐकली आहे. ती कुणालाच शोभत नाही.

मुलीसाठी कोठडी मागितली गेली नाही. दुसऱ्या दिवशीच नोटीस देऊन तिला सोडलं. गुन्हा पुढे गैरसमजातून नोंदला गेला, असं दाखवून बंद झाला. गैरसमज! प्रेसनोटची दुरुस्ती कधी आली नाही. फोटो आजही कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलमध्ये फिरत असेल. पट्टे आणि काठ्या कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नव्हत्या, त्या दीड महिना मुद्देमालाच्या खोलीत पडून होत्या. तेवढे दिवस बाया मानेला टॉवेल गुंडाळून उसात वाकत होत्या. आप्पांच्या कुत्र्यांचे पट्टे एक दिवसही उतरले नाहीत. तलवारीचा विषय मी पुन्हा काढला, त्यावर माझी बदली आली. मुलीनं माझे आभार मानले नाहीत, आणि मानायचं कारणही नव्हतं. सामान परत घेताना तिनं एकेक बकल तपासलं, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि निघून गेली.

पण हे सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशीच्या त्या सकाळी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. दहा वाजले होते, अकराला कोर्ट. मुलगी जीपमध्ये बसली होती, मावशी फाटकाला धरून उभी होती. साहेबांच्या टेबलावर रिमांडचा कागद होता, पितळी मुठीसकट. शेजारी हवालदार, त्यांच्या हातात माझ्यासाठी उघडून ठेवलेलं पेन.

“करा मॅडम सही. उशीर होतोय.”

मी सही केली नाही. पेनही घेतलं नाही.

साहेबांनी वर पाहिलं. “काय अडचण आहे? स्वसंरक्षण वगैरे ती कोर्टात सांगेल. आपण फक्त हत्यार दाखवायचं. हे हत्यार आहे की नाही?”

हवालदार हलकेच हसले. मॅडम बोलणार नाहीत, याची त्यांना खात्री होती. मी आप्पांचा जबाब कागदावर ठेवला, त्यावर कुत्र्यांचा फोटो ठेवला. माझे कान गरम झाले होते. आवाज नेहमीसारखा खाली जाईल असं वाटलं, पण गेला नाही. बाहेर फाटकापर्यंत ऐकू गेला, असं मावशीनं नंतर सांगितलं.

“सर, हे हत्यार असेल तर आप्पांच्या दोन्ही कुत्र्यांनाही अटक करावी लागेल. मी जीप घेऊन जाते. येताना भिंतीवरची तलवारही आणते, तिला धार आहे, तिनं माझा अंगठा कापलाय.”